शेजाऱ्याच्या हातचा प्याला

मंगळवार, ३ सप्टेंबर

टिटवे,

तुझं पत्र आलं. काय सांगू, किती आनंद झाला. एकच ओळ होती, "आजी, मी येणार नाही, पुन्हा विचारू नकोस," पण अक्षर किती सुबक काढलंस ग. मी ते पत्र आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. पाळकबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आजी, यात आनंद होण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "अहो, रागावलेलं माणूस पत्र टाकतं. ज्याला काही वाटेनासं झालं तो टाकत नाही." बाईंनीच मला म्हातारपणी लिहायला शिकवलं, नाहीतर माझी शाळा दुसरीतच सुटलेली. आता त्यांना पस्तावा होतो, कारण मी दर दोन दिवसांनी कागद मागायला जाते.

तर सांगायचं म्हणजे, तुझा बाप घरी आला. कोर्टानं दिलेली वर्षं भरून आला. दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं मीटरवाला आलाय. मी म्हटलं, "मीटर जिन्याखाली आहे." तो हसला. हसला म्हणजे नुसते खांदे हलले, आवाज राहिलेला नाही. लाँड्रीचा बॉयलर फुटला त्या दिवशी वाफ त्याच्याही घशात गेली होती ना, तो घसा आता आतून आवळत चाललाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पातळच द्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, देता येईल तोवर द्या.

मी आनंदात आहे, हे वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील. झोंबू देत. पोटचा पोरगा घरात आहे. सकाळी उठून तो आपले कपडे आपण धुतो, मला हात लावू देत नाही. लाँड्रीवालीच्या पोराला कॉलर कशी घासायची ते काय शिकवायचं, पण इतकी घासतो की कापड विरायला आलंय.

रविवारी महिन्याचा पहिला म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मी त्याला घेऊन गेले. तो तिसऱ्या बाकावर मधोमध बसला. तो बसला आणि शिंपीकाका उठले. म्हणाले, "इथं वारा लागतो." मग घडीवाला उठला. त्याला कुठला वारा लागतोय ग, जन्मभर लाँड्रीच्या दारात उभा राहून चादरींच्या घड्या घालतोय तो. पण उठला. आणि मग ते आख्खं बाक तुझ्या बापाचं एकट्याचं झालं.

तू जाऊन बरेच दिवस झाले, विसरली असशील, म्हणून सांगते. आपल्या मंडळीत पाळक पहिल्या बाकाच्या कडेला द्राक्षरसाचा प्याला देतात आणि पुढे तो हातोहात जातो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला द्यायचा आणि "तुझ्यासाठी" म्हणायचं. आपला आपण घ्यायचा नाही. आणि घरच्यानं घरच्याला द्यायचा नाही. म्हणून तर आपल्याकडे नवरा-बायको शेजारी बसत नाहीत, आणि बाहेरच्याला वाटतं या मंडळीत घरोघरी भांडणं झालीत. झालेली असतातच, ती गोष्ट वेगळी.

प्याला तिसऱ्या बाकापाशी आला. शिंपीकाकांनी तो तुझ्या बापाच्या डोक्यावरून मागच्या बाकाला दिला. अगदी अलगद, थेंबही सांडू न देता. त्यानं हात पुढे केले होते. ते त्यानं मांडीवर ठेवले आणि गुडघे चोळत बसला, जसं काही गुडघे चोळायलाच हात काढले होते.

मी उठणार होते. पण मी घरची.

आणि मग घरी येताना माझ्या डोक्यात आलं, आणि मी रस्त्यातच हसले. तू आता आमच्या घरची नाहीस. लग्न झालं, तू दुसऱ्या घरची झालीस. तू त्याच्या शेजारी बसून प्याला त्याच्या हातात देऊ शकतेस, कुणी हरकत घेऊ शकत नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ये. पुन्हा विचारू नकोस म्हणालीस, म्हणून मी विचारत नाहीये. सांगतेय.

आजी


शुक्रवार, १३ सप्टेंबर

टिटवे,

या खेपेला पानभर लिहिलंस. मी तर धन्य झाले. शिव्याच आहेत, पण पानभर आहेत.

तू लिहितेस, आधी त्यानं चष्मावालीच्या आईसमोर उभं राहून कबूल करावं, मग बघू. अग, तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला होता. मी बरोबर होते. चष्मावाली तुझी जिवाची मैत्रीण होती, हे मी विसरलेले नाही. तुम्ही दोघी एकाच डब्यात जेवायच्या, आणि चादरी दाबायच्या त्या मोठ्या रोलरपाशी तिचा चष्मा वाफेनं धुरकटला की तू पुसून द्यायचीस. तिचा रोलर बॉयलरच्या भिंतीला लागून होता. मी काहीच विसरलेले नाही ग.

तिच्या आईनं दार उघडलं. आक्का अजून लाँड्रीतच इस्त्री करते, तिच्या हाताला तीच जळकी खूण आहे. तुझा बाप उभा राहिला. तोंड उघडलं, ओठ हलले, आतून नुसती हवा आली. मी म्हटलं, "आक्का, त्याला म्हणायचंय की..."

"तुम्ही नका बोलू," आक्का म्हणाली. मग त्याला म्हणाली, "आवाज गेला ना? बरं झालं. तिचाही गेलाय."

आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता सांग, कबूल केलं की नाही केलं? मला ठरवता येत नाही.

तू लिहितेस, तो पापी आहे. आहेच की. मी कुठं नाही म्हणते? मी त्याची आई आहे, वकील नाही. बॉयलरमध्ये वाफ जास्त झाली की वॉल्व्ह आपोआप उघडतो, आपण त्याला शिट्टी म्हणायचो. ती शिट्टी वाजली की वाफ वाया जाते, रोलर थंड पडतात, काम खोळंबतं. म्हणून त्यानं ती तारेनं बांधून टाकली. एकदा नाही, रोजच. वाफेला वाट ठेवली नाही, मग तिनं भिंत फोडली. ते त्याच्या हातून झालं. पण एक सांगते, मी लाँड्रीत गिऱ्हाइकांकडून कपडे घ्यायला बसायचे. इतक्या वर्षांत धुतलेला कपडा धुवायला घेऊन आलेला माणूस मी पाहिला नाही. जो येतो तो मळकंच घेऊन येतो. काहीजण मात्र गाठोडं असं बांधून आणतात की डाग आतल्या बाजूला राहावा. जशी काही ती गाठ मी सोडणारच नाही.

हे बाजूला राहू दे. तुला गंमत सांगते. मंडळीच्या पंचांची बैठक झाली. तुझा बाप पुन्हा येऊन बसला तर काय करायचं, यावर. शिंपीकाका मुख्य पंच आहेत हल्ली, टेप गळ्यात घालूनच बैठकीला आले होते. त्यांनी ठरवलं की, "ज्याचा त्या शिट्टीला हात लागला, त्याला प्याला द्यायचा नाही आणि त्याच्या हातून घ्यायचा नाही." एका माणसासाठी आख्खा नियम. त्याचं नाव घ्यायची लाज वाटली, म्हणून असा गोल लिहिला. पुढच्या प्रभुभोजनाआधी पाळक तो वाचून दाखवणार आहेत.

तो नियम तुला लागत नाही, तू बाहेरची. म्हणजे तू यायलाच हवं. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, आता पाणीसुद्धा चमच्यानं.

आजी


सोमवार, ७ ऑक्टोबर

टिटवे,

तू आली नाहीस. मी दाराकडे बघून बघून मान आखडून घेतली, अजून तेल चोळतेय. ते जाऊ दे. काल जे झालं ते ऐक, आणि बसून ऐक. असं कुठल्या मंडळीत झालं नसेल.

तुझा बाप त्याच बाकावर, एकटा. मी मागे. पाळकांनी नियम वाचला. वाचून झाल्यावर घडीवाला उभा राहिला. तुला माहीत आहे, त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळं ओरडूनच बोलतो. म्हणाला, "हात लागला म्हणजे काय हो? बांधणारा हात, की सांगणारा हात?"

पाळक गडबडले. माणूस भला आहे, पण प्रश्न विचारला की उत्तर दिलंच पाहिजे असं त्यांना वाटतं. म्हणाले, "दोन्ही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घडीवाला म्हणाला, "मग माझा लागला. मी त्याला म्हणायचो, बाबा, ती शिट्टी गप कर, माझे चादरींचे ढीग तुंबतात." आणि खाली बसला, आणि हात छातीवर बांधून घेतले, म्हणजे प्याला घ्यायचा नाही.

शिंपीकाका म्हणाले, "तुझं सोड रे, तू साधा माणूस आहेस. नियम तुझ्यासाठी नाही."

तेव्हा इस्त्रीच्या टेबलावरची ती जाडी मावशी आहे ना, जी हसली की बाक हलतं, ती उठली. हसत नव्हती. म्हणाली, "शिंपीदादा, शनिवारी आम्हाला लवकर सुटायचं असायचं. आम्ही सगळ्याजणी त्याच्या खोलीत जाऊन म्हणायचो, आज वाफ कमी पडू देऊ नकोस. आणि त्यानं बांधली की टाळ्या वाजवायचो." तिच्या बाजूच्या दोघी खाली बघायला लागल्या. एकीनं ओढून तिला बसवलं, पण तोवर बोलून झालं होतं.

मग कुणीतरी मागून म्हणालं, "आणि शिंपीकाका, तुमचे लग्नाचे सूट? संध्याकाळपर्यंत दाबून हवेत म्हणून बॉयलरच्या खोलीत कोण येऊन उभं राहायचं?"

शिंपीकाका लाल झाले. "मी सूट मागितले. तार बांध म्हणालो नाही."

"तार बांधलेली दिसत नव्हती का?"

काकांनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. मला त्यांची दया आली ग, खरंच. माणूस स्वतःच शिवलेल्या सदऱ्यात अडकला.

आणि मग पाळक. ते प्याला धरून उभे होते. मला वाटलं आता म्हणतील, पुरे झालं, प्रार्थना करू. पण म्हणाले, "माझ्या प्रवचनाच्या वेळी ती शिट्टी वाजायची. मी त्याला निरोप पाठवला होता, निदान रविवारी सकाळी तरी बंद ठेव." मग प्याल्याकडे बघत म्हणाले, "कशी बंद ठेवतो, ते मी विचारलं नाही."

इतकं शांत झालं की कुणाच्या तरी पोटातला आवाज आला, आणि कुणी हसलं नाही.

माझं विचारशील तर, माझं घर लाँड्रीच्या पाठीमागं. शिट्टी वाजत नव्हती तेव्हा मला गाढ झोप लागायची, आणि मी शेजारणीला म्हणायचे, पोरगा कामाला लागल्यापासून किती शांत झालंय.

शेवटी आक्का उठली. सगळ्यांनी माना वळवल्या. तिचा कसला हात लागणार? उलट तिच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. ती म्हणाली, "त्या दिवशी पोरीला ताप होता. घरी राहू का म्हणाली. मी म्हटलं, खाडा धरून पगार कापतात, जा." एवढं बोलून बसली. तिच्याकडे कुणालाच बघवेना. तुझ्या बापालाही नाही. त्यानं डोकं समोरच्या बाकाला टेकवलं ते वर उचललंच नाही.

पाळकांनी पहिल्या बाकाला प्याला पुढे केला. कुणी घेईना. दुसऱ्या बाकाला केला. नाही. नियम त्यांनीच केलेला, त्यांनाच मोडता येईना. फिरून फिरून प्याला टेबलावर भरलेलाच परत आला. आपला आपण तर घ्यायचा नसतो, आणि द्यायला कुणी उरलं नव्हतं. पाळकांनी मागच्या दारातून तो मातीत ओतला, आणि आम्ही सगळे न घेता घरी आलो, न बोलता, जशी काही मयत झालीये.

आणि मी घरी येऊन हसले. तुझ्या बापानं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं डोकं फिरलंय. पण मला मोकळं वाटलं ग. पाळक वर्षानुवर्षं सांगत आले, देवाच्या कसोटीला कुणीही पुरा उतरत नाही, सगळ्यांनाच कृपा लागते. आम्ही माना डोलवायचो आणि मनात म्हणायचो, हो, तो अमका नाही का तसा. काल पहिल्यांदा मला ते माझ्याबद्दल ऐकू आलं.

कालपासून त्याला थोडा ताप आहे. मी म्हणते वाऱ्याचा असेल.

आजी


शनिवार, १९ ऑक्टोबर

टिटवे,

तुझं लांब पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. शब्द कळत होते, पण एका वेळी झेपत नव्हते.

तू लिहिलंस, "सगळ्यांना मळकं ठरवलं की एकाचा डाग दिसत नाही, हीच तुमची युक्ती. तुम्ही सगळे एकमेकांना माफ करून जेवायला बसाल आणि ती मात्र मेलेलीच राहील." शहाणी आहेस. अशी युक्ती करणारे असतात. लाँड्रीचा मालक तसाच म्हणाला होता, चुका सगळ्यांकडून होतात, आणि नवीन बॉयलर बसवून मोकळा झाला. त्याचं ऐकलं तेव्हा मलाही त्याच्या तोंडावर पाणी फेकावंसं वाटलं होतं.

पण त्या रविवारी कुणी कुणाला माफ केलं नाही ग. कुणी जेवायला बसलं नाही. तुझ्या बापाचा डाग फिका पडला नाही. तार त्याची, हात त्याचा. आणि चष्मावाली मेलेलीच आहे. आक्का अजून दोन ताटं काढते, मग एक परत ठेवते, मी पाहिलंय. मी तुला हे असं काही सांगत नाही की सगळे सारखेच, म्हणून काही बिघडलं नाही. सगळे सारखेच, म्हणून सगळंच बिघडलंय, असं म्हणतेय. आता यातून आपल्या हातानं निघायचं कसं ते मला ठाऊक नाही. पाळकांनाही नाही. ते म्हणतात, बाहेरून हात यावा लागतो. नियम त्यांनी मागे घेतला, आणि शिंपीकाकांनी पंचाचं काम सोडलं. काका आता पुन्हा तिसऱ्या बाकाच्या कडेला बसतात, तुझ्या बापापासून एक माणूस सोडून.

आता जे लिहिते ते नातजावयाला वाचून दाखवू नकोस.

कोर्टात तू म्हणालीस, "बाबा शिट्टी तारेनं बांधायचे." खरं बोललीस. त्यासाठी तुला कुणी बोल लावू नये, मी कधी लावला नाही, त्यानंही नाही. तू त्याच्या हाताखाली बॉयलरच्या खोलीत काम शिकत होतीस. तुझ्याइतकं कुणी बघितलेलं नव्हतं. पण बुधवारी त्याची सुट्टी असायची ग. बुधवारी तू एकटी बॉयलर सांभाळायचीस. आणि बुधवारी शिट्टी वाजलेली मला आठवत नाही. मला गाढ झोप लागायची बुधवारी दुपारी.

बॉयलर फुटला तो गुरुवार होता, सकाळी. आदल्या दिवशीची तार कुणी सोडली होती का नव्हती, ते मी त्याला कधी विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. वकिलानं त्याला विचारलं होतं, "आणखी कोण बांधायचं?" तेव्हा त्याचा थोडा आवाज शिल्लक होता. म्हणाला, "कोणी नाही." तू तिथंच बसली होतीस. तुझी मान एकदम खाली गेली, मी पाहिलं. तेव्हापासून तू त्याच्याकडे वर मान करून पाहिलं नाहीस. मला वाटायचं, राग आहे. आहेच. पण माणूस आपल्यावर अन्याय करणाऱ्याला एक वेळ तोंड दाखवतं. आपल्यासाठी खोटं बोलणाऱ्याला तोंड दाखवणं फार जड असतं.

तो चांगला माणूस आहे असं मी म्हणत नाही. खोटंच बोलला तो, शपथ घेऊन. घे, आणखी एक पाप त्याच्या खात्यावर.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मी बडबडी आहे, सगळ्या गल्लीला माझ्या कवळीची किंमत माहीत आहे, पण हे नाही. तू येतेस असं पत्राच्या शेवटी, अगदी कडेला लिहिलंयस. मी आधी पाहिलंच नाही, पाळकबाईंनी दाखवलं. ये. नाही म्हटलंस तरी मी रागावणार नाही, पण ये.

तो आता बसून झोपतो. आडवा झाला की श्वास अडकतो.

आजी


सोमवार, ४ नोव्हेंबर

टिटवे,

तू पोचलीस का नीट? बसथांब्यापर्यंत मला येता आलं नाही. सगळं आटोपून मी दारात आले तोवर तू केव्हाच गेली होतीस.

तू आलीस. मी तुला दारातून आत येताना पाहिलं आणि माझी कवळीच निसटायची वेळ आली. किती वाळलीस ग. तिसऱ्या बाकावर शिंपीकाका सरकले आणि तुला मधे जागा झाली. तू बसलीस. तुझ्या बापाचे खांदे हलायला लागले, मला आधी वाटलं हसतोय.

तू लवकर उठून गेलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही, ते सांगते. पण आधी तुझ्या वेळचं सांगते, कारण तुला ते नीट आठवत नसेल.

शिंपीकाकांनी प्याला तुझ्या हातात दिला. "तुझ्यासाठी" म्हणाले. तू ओठाला लावला नाहीस. बापाकडे वळलीस. त्यानं हात पुढे केले. तू धरून बसलीस. तुझी बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसत होती. तू तोंड उघडलंस आणि बापासारखीच, आतून नुसती हवा आली. बापलेक समोरासमोर, दोघांनाही आवाज नाही. मग तू प्याला तुमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवलास आणि निघून गेलीस.

मी तुला दोष देत नाही. मीच भाबडी. मला वाटलं होतं, आपली शहाणी पोर येईल, देईल, आणि सुटेल सगळं. मी तुला देणारी करायला निघाले होते. देण्याइतकी वरची जागा तुला कुठून आणून देणार होते मी?

तर तू गेलीस. प्याला बाकावर. तुझा बाप त्याच्याकडे बघतोय, हात पुढे आहेत, पण आपला आपण घ्यायचा नाही, म्हणून हात लावत नाही. शिंपीकाका हात पुढे करतात, मागे घेतात. पाळक पुढे यायला निघाले.

आक्का उठली. आपल्या जागेवरून चालत आली. तिनं प्याला उचलला. मला वाटलं ओतते बहुतेक त्याच्या अंगावर. शप्पथ, मी डोळे मिटून घेतले होते, पण कान उघडे होते.

ती म्हणाली, "हे माझ्या घरचं असतं तर तुला थेंब दिला नसता. माझ्या घरचं नाही, म्हणून देतेय. घे."

पाळक हळूच म्हणाले, "आक्का, 'तुझ्यासाठी' म्हणायचं राहिलं."

"तेवढं जमणार नाही," आक्का म्हणाली.

पाळक मागे सरले. उत्तर दिलंच पाहिजे असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं नाही.

त्यानं घेतला. पण घशाखाली उतरेना ग. खोकला आला, सगळं हनुवटीवरून ओघळलं, सदऱ्यावर, आक्काच्या हातावर. थोडं आत गेलं असेल, थोडं नसेल. मी मोजायला गेले नाही. मग त्यानं, तसाच ओला, प्याला आक्कापुढे धरला. ती शेजारी उभी होती ना, आणि दुसऱ्या घरची. नियमाप्रमाणे आता त्यानं तिला द्यायचा. त्याचे ओठ हलले. ती किती वेळ बघत होती त्या प्याल्याकडे. प्यायली नाही. पण त्याच्या हातातून घेतला आणि पुढच्या बाकाला दिला. मग हात स्वतःच्या कपड्यांना पुसत जागेवर जाऊन बसली.

एवढंच झालं. गाणी झाली नाहीत, कुणी गळ्यात पडलं नाही. घरी येताना आक्का आमच्या पुढून चालली होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. तरी मी आनंदात आहे, हे तुला सांगायला हवं. मला काल कळलं की देणाऱ्याचं मन भरलेलं असावं लागत नाही. रिकाम्या, कडू हातानंही ते पुढे जातं. ते त्या हाताचं नसतंच मुळी.

आता तुझं. तू काल घेतलं नाहीस. शिंपीकाकांनी दिलं, तू ओठाला लावलं नाहीस. तुला वाटतं तू देऊ शकली नाहीस म्हणून रडत गेलीस. मला वाटतं तुला घेता आलं नाही.

बापानं सगळं मला खुणांनी सांगितलंय, आणि आता मला त्याच्या खुणा कळतात. तो म्हणतो, त्याला तुझ्याकडून काही नको. त्याचं झालं. पण तू दुसऱ्या घरची आहेस. तुला द्यायला त्याला कुणी अडवू शकत नाही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत? त्या म्हणाल्या, आजी, रविवारची वाट बघू नका. म्हणून पाळक परवा, बुधवारी, घरीच प्याला घेऊन येणार आहेत; हे पत्र मी आजच बसवाल्याच्या हाती देतेय. बुधवार त्यानंच निवडला, बोटानं कॅलेंडरवर दाखवला.

त्याच्या खाटेशेजारी खुर्ची ठेवलीये. आक्काला बोलावलंय, ती येईल असं वाटत नाही. तू ये. काही म्हणायची गरज नाही, त्यालाही म्हणता येणार नाही. हात पुढे कर एवढंच.

त्याचा हात फार थरथरतो, सांडेल. चांगले कपडे घालून येऊ नकोस.

आजी